सोलापुरात ब्लूबेरीची टिश्यू कल्चर रोपे तयार करताना : नव्याने सुरुवात करणाऱ्यांसाठी

केळी आणि डाळिंबामुळे टिश्यू कल्चर (झाडाच्या छोट्या तुकड्यापासून प्रयोगशाळेत, बाटलीतील पोषक माध्यमात रोपे वाढवणे) हा शब्द सोलापूर जिल्ह्यात आता कोणाला समजावून सांगावा लागत नाही. केगावला राष्ट्रीय डाळिंब संशोधन केंद्र आहे, भगवा या डाळिंबाच्या वाणाची प्रयोगशाळेत वाढवलेली रोपे अनेकांनी स्वतःच्या शेतात लावली आहेत, आणि त्यामुळे ‘डाळिंबाचे जमते तर ब्लूबेरीचे का जमणार नाही’ हा प्रश्न स्वाभाविकपणे विचारला जातो. ब्लूबेरीचेही जमते, पण डाळिंबाची किंवा केळीची कृती जशीच्या तशी उचलून मात्र नाही. ब्लूबेरी ही अझेलिया आणि ऱ्होडोडेंड्रॉनच्या कुळातील, आम्लधर्मी जमिनीत वाढणारी वनस्पती आहे. अमेरिकन वनस्पतिशास्त्रज्ञ फ्रेडरिक कोव्हिल यांनी १९१० मध्ये तिची ही आम्लधर्मी जमिनीची गरज दाखवून दिली, आणि त्यानंतरच ही रानटी झुडपे लागवडीखाली येऊ शकली. आपल्याकडील काळी जमीन आणि बोअरचे पाणी ही दोन्ही नेमकी त्याच्या उलट, म्हणजे विम्लधर्मी आहेत. बाटलीतील काम शिकता येते. सोलापुरात रोपे मरतात ती मुख्यतः बाटलीबाहेर आल्यावर आणि मुख्यतः पाण्यामुळे. म्हणून पुढील पायऱ्यांमध्ये पाण्याला प्रयोगशाळेच्या आधीचे स्थान दिले आहे, आणि ते तसेच ठेवावे असा माझा आग्रह आहे.

१. वाण आणि मातृरोप निश्चित करा

उत्तर अमेरिकेतील मूळ हायबुश जातीला (व्हॅक्सिनियम कोरिंबोसम) हिवाळ्यात दीर्घकाळ कडक थंडी लागते, जी आपल्याकडे कधीच मिळणार नाही. तिचा फ्लोरिडातील डॅरो ब्लूबेरीशी संकर करून तयार झालेले ‘सदर्न हायबुश’ गटातील कमी थंडीचे वाणच विचारात घ्यावेत. बिलॉक्सी, मिस्टी, शार्पब्लू ही या गटातील जुनी, परिचित नावे आहेत. नव्या वाणांपैकी बरेचसे पैदासकारांच्या हक्काखाली असतात आणि त्यांची परवानगीशिवाय अभिवृद्धी करणे बेकायदेशीर ठरू शकते. एखाद्या रोपवाटिकेतून विकत आणलेले रोप तुमच्या मालकीचे असते, परंतु त्यापासून हजारो रोपे काढून विकण्याचा हक्क त्यासोबत मिळतोच असे नाही. खरेदीपूर्वीच वाणाची कायदेशीर स्थिती लेखी विचारून घ्या. जुने वाण असले तरी विचारा.

मातृरोपाची विषाणू तपासणी ही दुसरी अट आहे. टिश्यू कल्चरचे रोप म्हणजे विषाणूमुक्त रोप, हा समज सर्वत्र आढळतो आणि तो चुकीचा आहे. साध्या डोळ्यापासून केलेले कल्चर बुरशी आणि बऱ्याच जिवाणूंपासून मुक्त होते, पण मातृरोपात विषाणू असेल तर तो प्रत्येक बाटलीत जातो आणि रोपांच्या संख्येबरोबर त्याचाही प्रसार होतो. विषाणू काढायचा असेल तर उष्णोपचार आणि अत्यंत सूक्ष्म वर्धनाग्र (कोंबाचे वाढते टोक) घेऊन केलेले कल्चर, असा वेगळा मार्ग आहे. नवख्याने त्यात न पडता तपासलेले मातृरोप घेणे अधिक शहाणपणाचे.

मातृरोपे उघड्यावर ठेवू नयेत. पॉलिहाऊसमध्ये किंवा कीटकरोधक जाळीत, मोठ्या कुंडीत, पीट (कुजलेले शेवाळ) आणि परलाइट (हलके खनिज दाणे) यांच्या मिश्रणात ती वाढवावीत. त्यांना वरून पाणी फवारू नये, कारण ओल्या फांदीवर बुरशीचे बीजाणू टिकतात आणि पुढे निर्जंतुकीकरण अवघड होते.

२. पाण्याचा अहवाल आधी हातात घ्या

प्रयोगशाळेची जागा ठरवण्यापूर्वी तिथल्या पाण्याची तपासणी करा. माती-पाणी परीक्षण प्रयोगशाळेला केवळ पीएच नव्हे, तर क्षारता (ईसी), बायकार्बोनेट, सोडियम, क्लोराइड आणि कॅल्शियम हे सर्व आकडे मागा. नवखा माणूस पीएचच्या आकड्यावर अडतो, तर खरा त्रास बायकार्बोनेटचा असतो. ७.५ पीएचच्या दोन पाण्यांपैकी एकात बायकार्बोनेट अल्प आणि दुसऱ्यात भरपूर असू शकते. पहिले थोड्याशा आम्लाने ताळ्यावर येते, तर दुसरे रोज थोडे थोडे करून कुंडीतील माध्यमाचा पीएच वर चढवत राहते. पाने पिवळी पडू लागतात, शिरा तेवढ्या हिरव्या राहतात, आणि लोक वरून लोह फवारत बसतात.

हिशेब अवघड नाही. बायकार्बोनेटच्या ६१ मिलिग्रॅमचा एक मिलिइक्विव्हॅलंट होतो. समजा अहवालात लिटरला ३०५ मिलिग्रॅम बायकार्बोनेट आले, म्हणजे ५ मिलिइक्विव्हॅलंट. त्यापैकी १ शिल्लक ठेवून ४ निष्प्रभ करायचे असतील, तर हजार लिटर पाण्याला ९८ टक्के तीव्रतेचे सुमारे ११० मिलिलिटर सल्फ्युरिक आम्ल लागते. आम्ल नेहमी पाण्यात ओतावे, पाणी आम्लात कधीही नाही. हातमोजे आणि चष्मा घातल्याशिवाय बाटलीचे झाकण उघडू नये. सायट्रिक आम्ल हाताळायला सौम्य आहे, पण ते सूक्ष्मजीव खाऊन टाकतात, त्यामुळे त्याचा परिणाम टिकत नाही.

आम्ल टाकल्याने सोडियम आणि क्लोराइड मात्र जात नाहीत, आणि ब्लूबेरीला हे दोन्ही मानवत नाहीत. त्यांचे प्रमाण अधिक असेल तर आरओ किंवा पावसाचे पाणी, एवढेच पर्याय उरतात. शंभर चौरस मीटर छतावर वर्षाला ५५० मिलिमीटर पाऊस धरला आणि पाचवा हिस्सा वाया गेला असे मानले, तरी ४४,००० लिटर पाणी मिळते. हार्डनिंगच्या, म्हणजे बाटलीतून काढलेल्या रोपांना हळूहळू बाहेरच्या हवेची सवय लावण्याच्या, छोट्या युनिटला हा साठा कमी नाही. झाकलेली टाकी आणि पहिल्या पावसाचे पाणी बाहेर सोडणारा वॉल्व्ह एवढी सोय जून लागण्यापूर्वी करून ठेवावी.

३. खोल्या आणि साहित्य

चार जागा वेगळ्या लागतात : धुण्याची, माध्यम तयार करण्याची, रोपण करण्याची (तुकडे बाटल्यांत लावण्याची) आणि कल्चर वाढवण्याची. रोपण आणि वाढ या दोन खोल्यांना खिडकी नसावी. आपल्याकडे मार्च ते मे या काळात जी धूळ उडते ती दाराच्या फटीतूनही आत येते, म्हणून दुहेरी दार आणि मधली चप्पल बदलण्याची जागा ही चैन समजू नये. छत तापणारे असेल तर त्याला उष्णतारोधक थर द्यावाच लागतो. वाढीच्या खोलीचे तापमान २५ अंशांच्या आसपास, दोन अंश वरखाली, बाराही महिने ठेवायचे आहे. बाहेर पारा चाळिशी ओलांडून गेलेला असताना वीज गेली, तर बंद खोली थोड्याच वेळात तापते. त्यामुळे जनरेटर आणि अदलाबदलीने चालणारे दोन एसी यांचा खर्च सुरुवातीच्या अंदाजपत्रकातच धरावा.

किमान साहित्य पुढीलप्रमाणे :

- लॅमिनार एअर फ्लो (गाळलेल्या स्वच्छ हवेच्या झोतात काम करण्याचे टेबल), हेपा फिल्टरसह
- ऑटोक्लेव्ह (दाबाखालील वाफेने निर्जंतुक करणारे यंत्र), त्यात साधे पाणी घातल्यास कॉइलवर क्षारांचा थर बसतो, म्हणून आरओचेच पाणी वापरावे
- मिलिग्रॅमपर्यंत अचूक वजन करणारा काटा
- पीएच मीटर आणि ४ व ७ पीएचची बफर द्रावणे
- डिस्टिल्ड वॉटरचे यंत्र किंवा खात्रीचा पुरवठा
- ऑटोक्लेव्ह होणारी झाकणे असलेल्या काचेच्या बाटल्या, चिमटे, स्काल्पेल आणि ब्लेड
- ०.२२ मायक्रॉनचे सिरिंज फिल्टर
- रॅक, एलईडी नळ्या आणि टायमर (१६ तास उजेड, ८ तास अंधार)
- फ्रिज, रसायनांसाठी स्वतंत्र. त्यात जेवणाचे डबे ठेवू नयेत, हे सांगावे लागते

रोपण करणाऱ्यांच्या हाताशी स्पिरिट आणि ज्योत दोन्ही असतात, हे विसरू नका. परवडत असेल तर ज्योतीऐवजी काचमण्यांचे विद्युत स्टरिलायझर घ्या.

४. माध्यम : इथेच केळीची कृती बाजूला ठेवावी लागते

बहुतेक प्रयोगशाळांमध्ये मुराशिगे आणि स्कूग यांचे १९६२ चे एमएस माध्यम वापरात असते. त्यात लिटरला १६५० मिलिग्रॅम अमोनियम नायट्रेट आणि १९०० मिलिग्रॅम पोटॅशियम नायट्रेट असते. ब्लूबेरीला क्षारांचा हा भार जड जातो. लॉइड आणि मॅकाउन यांनी ब्लूबेरीच्याच कुळातील काल्मिया या झुडपासाठी विकसित केलेले वुडी प्लांट मीडियम, म्हणजे डब्ल्यूपीएम, इथे योग्य ठरते. त्यात अमोनियम नायट्रेट केवळ ४०० मिलिग्रॅम असते आणि पोटॅशियम नायट्रेट मुळीच नसते. तयार पावडर मिळते, पण वेष्टन वाचून घ्यावे : काही पावडरींमध्ये कॅल्शियमचे क्षार, साखर किंवा अगार (माध्यम घट्ट करणारा पदार्थ) नसतात आणि ते आपल्याला घालावे लागतात.

एक लिटर माध्यमासाठी पावडर, २० ते ३० ग्रॅम साखर (शुद्ध सुक्रोज) आणि सुमारे ७ ग्रॅम अगार घ्यावे. पीएच ५.० ते ५.२ ठेवावा. पीएच मीटर ७ आणि ४ च्या बफरवर जुळवलेला असावा, ७ आणि ९ च्या नव्हे. आम्लधर्मी माध्यमात अगार थोडे मऊ जमते. ऑटोक्लेव्ह जास्त वेळ चालवला तर ते जमतच नाही. १२१ अंश तापमान, १५ पाउंड दाब आणि १५ ते २० मिनिटे पुरेशी आहेत. ‘खात्रीसाठी’ वेळ वाढवणारा सहकारी माध्यम बिघडवतो, बाकी काही साधत नाही. बाटलीत ४० मिलिलिटर धरल्यास लिटरमागे २५ बाटल्या होतात.

आता संजीवकांविषयी, म्हणजे वाढ नियंत्रित करणाऱ्या द्रव्यांविषयी. नान्नज परिसरातील किंवा कुठल्याही द्राक्षबागायतदाराला जीए आणि ६-बीए ही नावे पाठ असतात, आणि कृषी सेवा केंद्रातून ६-बीए आणून तेच वापरावे असा मोह होतो. तो टाळावा. एक तर तो माल फवारणीच्या दर्जाचा असतो. दुसरे असे की, केळीत उत्तम काम करणाऱ्या ६-बीएला ब्लूबेरी फारसा प्रतिसाद देत नाही. तिला झिएटिन किंवा टू-आयपी लागते. झिएटिन लिटरला १ ते ४ मिलिग्रॅम आणि टू-आयपी ५ ते १५ मिलिग्रॅम, अशा मर्यादेत वाणागणिक चाचणी घेऊन प्रमाण ठरवावे. झिएटिन महाग आहे, परंतु फुटव्यांची संख्या आणि गती पाहता माझे मत त्याच्याच बाजूने आहे. दोन्हींचे १ मिलिलिटरमध्ये १ मिलिग्रॅम असे साठा-द्रावण करावे. पावडर आधी सोडियम हायड्रॉक्साइडच्या सौम्य द्रावणाच्या काही थेंबांत विरघळवून मग डिस्टिल्ड पाण्याने आकारमान पूर्ण करावे. झिएटिन उष्णतेने कमकुवत होऊ नये म्हणून ते फिल्टरमधून गाळून, माध्यम ऑटोक्लेव्हमधून काढल्यानंतर कोमट असताना लॅमिनारमध्येच मिसळावे.

टीडीझेड नावाचे संजीवक फार जोरदार आहे आणि त्याने पानाच्या तुकड्यावरही कोंब येतात. संशोधनात त्याचा उपयोग आहे. विक्रीच्या रोपांसाठी मात्र ते कपाटाबाहेर काढू नये, कारण अशा कोंबांत जनुकीय बदलाची शक्यता वाढते.

५. डोळे घेणे आणि निर्जंतुक करणे

चालू हंगामाची, ना अगदी कोवळी ना लाकडी झालेली फांदी सकाळी कापा. पाने काढा, देठाचा लहान भाग ठेवा, आणि एक-दोन डोळे असलेले दोन सेंटिमीटरचे तुकडे करा. पुढचा क्रम असा :

- वाहत्या नळाखाली अर्धा तास, त्यानंतर ट्वीन-२० (साबणासारखे द्रव्य) चे काही थेंब घातलेल्या पाण्यात दहा मिनिटे हलवणे
- कार्बेन्डाझिमच्या द्रावणात बुडवून धुणे
- येथून पुढे लॅमिनारमध्ये : ७० टक्के इथेनॉल, ३० सेकंद
- व्यावसायिक सोडियम हायपोक्लोराइडचे १० ते १५ टक्के द्रावण, १० ते १५ मिनिटे
- निर्जंतुक पाण्याने किमान तीन वेळा, प्रत्येक वेळी काही मिनिटे ठेवून धुणे
- दोन्ही कडांचे पांढरे पडलेले भाग कापून माध्यमात उभे लावणे

सोडियम हायपोक्लोराइड उन्हाळ्यात कॅनमध्येच आपली ताकद गमावते. डिसेंबरमध्ये जमलेली कृती मे महिन्यात फसते, ती पुष्कळदा यामुळेच. कॅन थंड, अंधाऱ्या जागी ठेवा आणि खरेदीची तारीख वर लिहा. मर्क्युरिक क्लोराइड अधिक प्रभावी आहे आणि अनेक ठिकाणी वापरले जाते. पण ते पाऱ्याचे विष आहे, त्याच्या सांडपाण्याची सुरक्षित विल्हेवाट लहान युनिटला झेपत नाही, आणि गटारात ते ओतणे हा गुन्हा समजावा.

प्रत्येक बाटलीत एकच तुकडा लावा. कापलेल्या टोकातून तपकिरी द्रव्य पाझरते आणि भोवतालचे माध्यम काळवंडते. डाळिंबावर काम केलेल्यांना ते ओळखीचे असेल. दोन-तीन दिवसांत तुकडा नव्या बाटलीत हलवला की बहुधा भागते. डोळा फुटायला सहा ते आठ आठवडे लागू शकतात, तेव्हा तिसऱ्या आठवड्यात निराश होऊन बाटल्या रिकाम्या करू नयेत. बुरशी पहिल्या आठवड्यातच दिसते. जिवाणू मात्र कपटी असतात : तुकड्याच्या बुडाशी दुधाळ वलय दिसते, तेही कधी कधी दुसऱ्या-तिसऱ्या स्थलांतरानंतर. प्रतिजैविके घालून अशी बाटली वाचवू नका. ती न उघडता ऑटोक्लेव्ह करून मगच धुवा.

६. संख्या वाढवणे

फुटवे तीन-चार सेंटिमीटरचे झाले की दोन-तीन डोळ्यांचे तुकडे करून नव्या माध्यमात लावावेत, आणि दर सहा ते आठ आठवड्यांनी हे करावे. प्रत्येक फेरीत चारपट वाढ धरली तर ५० स्वच्छ तुकड्यांपासून चार फेऱ्यांनंतर कागदावर १२,८०० होतात. कागदावर, हे महत्त्वाचे. दूषित बाटल्या, खुरटलेले फुटवे आणि हार्डनिंगमधील मर वजा केल्याशिवाय कोणाकडूनही आगाऊ रक्कम घेऊ नका.

तुकडे कोठून कापता यावर सारी गुणवत्ता अवलंबून आहे. बुडाशी गाठीसारखा कॅलस (आकार नसलेल्या पेशींचा गोळा) तयार होतो आणि त्यातून बारीक कोंबांचा झुपका येतो. मोजायला तो आकर्षक दिसतो आणि उत्साही कामगार तोच उचलतो. असे कोंब मूळ वाणाशी तंतोतंत जुळतीलच याची खात्री नसते. पानाच्या बगलेतून आलेल्या, सरळ वाढलेल्या फुटव्याचेच तुकडे घ्यावेत आणि कॅलस टाकून द्यावा. पाने काचेसारखी पारदर्शक, ठिसूळ दिसू लागली तर संजीवकाचे प्रमाण जास्त आहे, अगार मऊ आहे किंवा बाटलीत दमटपणा अधिक आहे. त्याच क्रमाने तपासा. एका मूळ तुकड्यापासून आठ-दहा फेऱ्यांपेक्षा अधिक न जाता नव्या मातृरोपाच्या डोळ्यांपासून पुन्हा सुरुवात करावी.

नोंदवही ठेवण्याचा कंटाळा येतो, पण प्रत्येक बाटलीवर वाण, फेरी, तारीख आणि रोपण करणाऱ्याचे आद्याक्षर असावे. दूषितीकरण एकाच तारखेच्या बाटल्यांत असेल तर माध्यम दोषी, एकाच आद्याक्षराच्या बाटल्यांत असेल तर हात, आणि एकाच रॅकवर असेल तर बहुधा कोळी किंवा मुंग्या. मुंग्या झाकणाच्या फटीतून बीजाणू आत नेतात.

७. मुळे आणि हार्डनिंग

ब्लूबेरीला बाटलीतच मुळे आणण्याची गरज नाही. तीन-चार सेंटिमीटरचे फुटवे बाहेर काढून, अगार पूर्ण धुऊन, बुडाला आयबीएची (मुळे आणणाऱ्या संजीवकाची) पावडर लावून थेट ट्रेमध्ये खोचले तरी मुळे येतात आणि ती बाटलीतील मुळांपेक्षा कणखर असतात. एक फेरीही वाचते.

माध्यम म्हणून स्फॅग्नम पीट आणि परलाइट समप्रमाणात घ्यावे, पीएच ४.५ ते ५ दरम्यान असावा. कोकोपीट स्वस्त आणि सहज मिळणारे आहे, परंतु न धुतलेल्या कोकोपीटमध्ये सोडियम आणि क्लोराइड असतात. ते वापरायचेच असेल तर चांगल्या पाण्याने वारंवार धुऊन, ईसी मोजून, पीटमध्ये मिसळून वापरावे. शेणखत, गांडूळखत, पोयट्याची माती यांपैकी काहीही घालू नये. चांगल्या भावनेने घातलेले शेणखत या रोपांना मारते.

पहिले काही आठवडे आर्द्रता ९० टक्क्यांच्या वर, तापमान २२ ते २६ अंश आणि उजेड मंद हवा. पॉलिहाऊसमध्ये ट्रेवर पारदर्शक प्लॅस्टिकचा छोटा बोगदा आणि वर शेडनेट अशी दुहेरी रचना करावी. फॉगरच्या नोझलमध्ये क्षार साचतात, पानांवर पांढरा थर बसतो. तिथेही आरओ किंवा पावसाचेच पाणी. सहा ते आठ आठवड्यांत मुळे धरली, म्हणजे हलके ओढल्यावर रोप विरोध करू लागले, की बोगदा दररोज थोडा अधिक वेळ उघडावा. ही घाई करण्याची पायरी नव्हे. बाटलीतील पानांवर मेणाचा थर नीट तयार झालेला नसतो आणि आपली कोरडी हवा ती पाने एका दुपारीत करपवते.

यावरून वर्षाचे वेळापत्रक उलटे मांडावे. रोपे बाहेर काढण्याचे काम जुलै ते जानेवारी या काळात बसवा. मार्च ते मे या महिन्यांत नवे ट्रे भरू नका, त्या काळात बाटल्यांतील संख्या वाढवा. पावसाळ्यात आर्द्रता फुकट मिळते, पण बुरशीही वाढते, म्हणून ट्रे जमिनीवर न ठेवता बाकावर ठेवावेत.

ब्लूबेरीच्या मुळांना मूलरोम नसतात, त्यामुळे खत अत्यल्प आणि वारंवार द्यावे. नत्र अमोनियम स्वरूपात, म्हणजे अमोनियम सल्फेटमधून द्यावे. कॅल्शियम नायट्रेट आणि म्युरेट ऑफ पोटॅश ही दोन पोती हार्डनिंगच्या शेडमध्ये नसलेलीच बरी.

८. कागदपत्रे

- मातृरोपांची खरेदी पावती आणि वाणाच्या अभिवृद्धीचा हक्क दाखवणारा लेखी करार किंवा खुलासा
- परदेशातून रोपे किंवा कल्चर आणणार असाल तर आयात परवाना आणि निर्यातदार देशाचे फायटोसॅनिटरी (वनस्पती रोग-कीडमुक्त असल्याचे) प्रमाणपत्र. भारतात ही आयात २००३ च्या प्लांट क्वारंटाइन आदेशानुसार होते. प्रवासी बॅगेतून बाटल्या आणण्याचा सल्ला देणाऱ्यापासून दूर राहा
- मातृरोपांचे विषाणू तपासणी अहवाल
- कृषी विभागाकडील रोपवाटिका परवाना
- केंद्राच्या जैवतंत्रज्ञान विभागाने २००६ मध्ये सुरू केलेल्या टिश्यू कल्चर रोपांच्या राष्ट्रीय प्रमाणीकरण पद्धतीखालील मान्यता. या पद्धतीत प्रयोगशाळेची पाहणी होते, आणि रोपांची विषाणू व जनुकीय शुद्धतेची चाचणी मान्यताप्राप्त प्रयोगशाळेत करून घ्यावी लागते. सुरुवातीपासून बाटलीनिहाय नोंदी असतील तर हा टप्पा सोपा जातो
- अन्नद्रव्य माध्यम, रसायने आणि पाण्याच्या चाचण्यांच्या नोंदवह्या

अनुदानाच्या योजना आणि त्यांचे निकष बदलत असतात. जिल्हा अधीक्षक कृषी अधिकाऱ्यांच्या कार्यालयात चालू वर्षाचे परिपत्रक पाहूनच प्रकल्प अहवाल तयार करावा, एजंटच्या मोबाइलवरील जुन्या फोटोवरून नव्हे.

९. रोपे देताना

ट्रेमधून लहान पिशवीत गेलेली, पंधरा-वीस सेंटिमीटर उंचीची, नवे फुटवे फेकू लागलेली रोपेच विकावीत. ग्राहकाला पहिला प्रश्न जमिनीचा नव्हे तर पाण्याचा विचारा आणि त्याचा अहवाल मागून घ्या. काळ्या जमिनीत खड्डा करून, त्यात गंधक टाकून ब्लूबेरी लावण्याचा बेत असेल तर स्पष्टपणे नकार द्या. चुनखडीयुक्त जमिनीत गंधकाच्या परिणामाला चुना पुरून उरतो. पीट किंवा धुतलेल्या कोकोपीटने भरलेल्या ग्रो बॅग, ठिबक आणि आम्ल सोडण्याची सोय असलेल्या शेतकऱ्यालाच रोपे द्यावीत, आणि पावतीवर वाण, बॅच क्रमांक व सिंचनाच्या पाण्याचा अपेक्षित पीएच ५ ते ५.५ असा छापून द्यावा. वाहतूक सायंकाळी सुरू करावी, ट्रक बंद असावा, आणि रोपे पोहोचल्यावर दोन-तीन दिवस सावलीत ठेवून मगच ग्रो बॅगमध्ये लावण्यास सांगावे.